‘द’पासून सुरू होणारे काहीतरी

अर्धस्मृत गीताचा शोधक हा मनुष्यप्रकार मुख्यत्वे ब्रिटनमध्ये आढळतो. त्याचे वय आज साठीच्या आसपास असते आणि 1977 ते 1982 या काळात कधीतरी रात्री ऐकलेले, शब्द निसटलेले, नाव कधीच न कळलेले एक गाणे तो गेली चार दशके हुडकत असतो. वरवर पाहता तो चारचौघांसारखाच असतो: नोकरी निवृत्तीला टेकलेली असते, गुडघे कुरकुरत असतात आणि एके काळी सेफ्टी पिन अडकवलेल्या कानात आता श्रवणयंत्र बसवून घ्यावे असा सल्ला डॉक्टरांनी दिलेला असतो. मात्र बोलण्याच्या ओघात क्षणभर शांतता पसरली की तो मान किंचित तिरकी करून “एक गाणं होतं बघा...” असे म्हणतो, आणि त्यासरशी भोवतालच्या निम्म्या मंडळींना घरी गॅसवर काहीतरी ठेवून आल्याची आठवण होते.

या शोधाची व्याप्ती समजण्यासाठी दोन संज्ञांचा उलगडा आधी व्हायला हवा. पंक हे 1970 च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्क आणि लंडन येथे उसळलेले वेगवान, कर्कश संगीत होय. दोन-तीन कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी छेडलेल्या सुरांचे गुच्छ, एवढ्या भांडवलावर ते उभे राहते, आणि वादकाला वाद्य न येणे हा त्यात दोष न ठरता सचोटीचा पुरावा ठरतो. न्यू वेव्ह ही त्याच घराची धाकटी पाती. तिने सिंथेसायझर विकत घेतला, केस विंचरले आणि चाल नावाच्या गोष्टीशी तडजोड केली. न्यूयॉर्कच्या रमोन्सनी 1976 सालच्या आपल्या पहिल्या एलपीत 14 गाणी अर्ध्या तासाच्या आत उरकली होती, यावरून हा माल किती झपाट्याने तयार होई याची कल्पना यावी. मँचेस्टरच्या बझकॉक्सनी जानेवारी 1977 मध्ये उसनवारीच्या पैशांतून ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली आणि तिच्या पहिल्या 1,000 प्रती हातोहात खपल्या. त्याच वर्षी डेस्परेट बायसिकल्स या बँडने आपल्या पहिल्या तबकडीला अवघा 153 पौंड खर्च आल्याचे जाहीर करून इतरांनीही हेच करावे, असे आवाहन केले. आवाहन दुर्दैवाने मनावर घेण्यात आले. गावोगावच्या गॅरेजांतून, शाळांच्या सभागृहांतून आणि कोणाच्या तरी काकाच्या गोदामातून सात इंची तबकड्यांचा पूर लोटला, आणि आपले गाणे याच पुरात कुठेतरी बुडालेले आहे अशी शोधकाची अढळ श्रद्धा असते.

या पुराच्या काठावर बीबीसीच्या रेडिओ वनवर जॉन पील हा निवेदक बसलेला असे. दशकाच्या अखेरीस रात्री दहा ते बारा या वेळेत तो अशा तबकड्या वाजवी. 1978 मध्ये उत्तर आयर्लंडच्या अंडरटोन्सचे ‘टीनएज किक्स’ त्याला इतके भावले की त्याने ते लागोपाठ दोनदा लावले, आणि मिनिटाला 45 फेरे घेणारी तबकडी कधी चुकून 33 फेऱ्यांवर लावून त्याने एखाद्या गायिकेला क्षणभर पुरुषाचा आवाजही बहाल केला. त्याच्या मृत्यूनंतर मागे राहिलेल्या संग्रहात सुमारे 26,000 एलपी आणि 40,000 सिंगल्स होत्या, यावरून शोधकाला गवताच्या कोणत्या गंजीत सुई शोधायची आहे हे ध्यानात येईल. कवी, संगीतकार आणि गायक यांची नावे सांगितल्याखेरीज आकाशवाणी भावगीताला हात लावत नाही अशा संस्कारात वाढलेल्या मराठी श्रोत्याने एक गोष्ट येथे लक्षात घ्यावी, की पील नाव बहुधा गाणे संपल्यावर सांगे. पुढील सारा अनर्थ या क्रमातून उद्भवला.

शोधक तेव्हा पंधरा वर्षांचा होता, आणि कॅसेट रेकॉर्डरसमोर पालथा पडून, ‘रेकॉर्ड’ आणि ‘प्ले’ या दोन कळा एकदम दाबून, ‘पॉझ’च्या कळीवर तर्जनी रोवून, शिकाऱ्यासारखा श्वास रोखून बसलेला असे. गाणे सुरू झाले की कळ सुटे. शेवटचा ठोका विरला की कळ पुन्हा दाबली जाई. कॅसेट खाऊच्या पैशांतून आलेली असल्यामुळे निवेदकाच्या बडबडीवर तिचा एक सेंटीमीटरही खर्च करणे त्याला उधळपट्टी वाटे, आणि आपल्या कॅसेटमध्ये शुद्ध संगीताखेरीज काही नाही याचा त्याला रास्त अभिमान होता. ज्या तीन सेकंदांत बँडचे आणि गाण्याचे नाव उच्चारले जात होते, नेमकी तीच तीन सेकंदे त्याने अशा प्रकारे, अत्यंत कौशल्याने, स्वतःच्या हाताने कापली. तर्जनी किंचित उशिरा पडली त्या एका रात्री गाण्याच्या शेवटी निवेदकाचा एकच उच्चार टेपवर आला: “द”, आणि लगेच खट्ट.

‘द’ हे इंग्रजीतील निश्चयवाचक उपपद होय. ते नामाच्या आधी येते आणि स्वतः काहीही सांगत नाही. पुढे ती कॅसेट धाकट्या बहिणीने स्वतःच्या आवडीची गाणी भरण्यासाठी वापरली, आणि मग या गाण्याचा जो काही ऐवज उरला तो शोधकाच्या डोक्यात. तथापि तो ‘द’ आणि ती खट्ट त्याने दोन-तीनशे वेळा ऐकलेली असल्यामुळे दोन्ही गोष्टी गाण्याच्या अंगभूत झाल्या, आणि आजही तो गाणे गुणगुणतो तेव्हा ते “द—खट्ट” येथेच संपते. सुतावरून स्वर्ग गाठण्याची म्हण मराठीत आहे. उपपदावरून बँड गाठण्याचा प्रयोग मात्र याच मनुष्यप्रकाराने केला. द क्लॅश, द डॅम्ड, द जॅम, द रट्स, द स्किड्स, द लर्कर्स, द ॲडव्हर्ट्स, द मेंबर्स अशी नावे पाहता या काळातील बँड उपपदावाचून घराबाहेरच पडत नसत असे दिसते. द बीट हा बर्मिंगहॅमचा बँड अमेरिकेत ‘द इंग्लिश बीट’ होई, कारण तिकडे त्या नावाचा दुसरा बँड आधीच होता. एक्स नावाचा एक बँड लॉस एंजेलिसचा तर दुसरा सिडनीचा. आणि 1979 पासून लंडनमध्ये ‘द द’ याच नावाचा बँड अस्तित्वात असल्याचे कळले तेव्हा निम्मे नाव आपल्या टेपवर होतेच, या हिशोबाने शोधकाने त्यांच्या तबकड्यांत दोन वर्षे घालवली.

शब्दांचा आधार घ्यावा तर तोही कच्चाच. न कळलेल्या ओळीत कान स्वतःचा अर्थ भरतो, या खोडीला इंग्रजीत ‘मॉन्डेग्रीन’ म्हणतात. लेखिका सिल्व्हिया राइट यांनी 1954 मध्ये हार्पर्स मासिकातील लेखात हा शब्द रूढ केला, कारण लहानपणी ऐकलेल्या एका स्कॉटिश पोवाड्यात सरदारासोबत लेडी मॉन्डेग्रीन नावाची बाईही मारली गेली असा त्यांचा समज होता, आणि ती बिचारी केवळ शब्द एकमेकांत मिसळल्याने जन्माला आली होती. पंकमध्ये गायक ओरडत असतो, गिटार त्याच्यावर ओरडत असते आणि ध्वनिमुद्रण स्वस्तातले असते, त्यामुळे शोधकाच्या आठवणीतील ध्रुवपदाचा अर्थ ‘माझ्या मावशीला फ्रिज द्या’ असा काहीसा निघतो व तो ते गंभीरपणे म्हणून दाखवतो. बरे, शब्द खरे असले तरी शीर्षक त्यांत असेलच याची हमी नसते: न्यू ऑर्डरच्या 1983 सालच्या ‘ब्लू मंडे’त हे दोन शब्द एकदाही येत नाहीत, आणि पीटर सॅव्हिल यांनी केलेल्या त्या तबकडीच्या वेष्टनावर बँडचे व गाण्याचे नाव अक्षरांऐवजी रंगीत चौकोनांच्या सांकेतिक लिपीत दिले होते. गिऱ्हाइकाला नाव कळू नये यासाठी इतकी मेहनत घेणारा दुसरा धंदा क्वचितच असेल.

शोधकाचे खरे दर्शन घडते ते जुन्या तबकड्यांच्या दुकानात. तो गल्ल्यापाशी येतो, दुकानात दुसरे कोणी नाही याची खात्री करून घेतो, घसा साफ करतो आणि प्रथम दोन्ही तर्जन्यांनी लाकडावर ड्रमचा ठेका धरतो. मग दात आवळून “ट्रँग ट्रँग ट्रँग” अशी गिटार काढतो, मध्येच बोट उंचावून “इथं तो जरा खोकतो” अशी पुरवणी जोडतो आणि अखेरीस फ्रिज व मावशी यांच्यासह ध्रुवपद म्हणून, “द—खट्ट” करून, अपेक्षेने पाहतो. दुकानदाराची अडचण अशी असते की तीन कॉर्डच्या त्या हिशोबात हे वर्णन दुकानातील चारेकशे तबकड्यांना लागू पडते, खोकल्यासकट. तो एक लावून दाखवतो. पहिल्या दोन सेकंदांतच शोधक नकारार्थी मान हलवतो, कारण आपले गाणे कोणते ते त्याला सांगता येत नसले तरी कोणते नव्हे ते सांगण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. अडीच तासांनी तो काहीही विकत न घेता, दुकानदाराचे आभार मानून, नव्या उमेदीने बाहेर पडतो.

यंत्रयुगाने त्याला दिलासा द्यायला हवा होता. 2002 मध्ये ब्रिटनमध्ये शझाम ही सेवा निघाली, तेव्हा 2580 हा क्रमांक फिरवून वाजत्या गाण्यापाशी फोन धरला की थोड्या वेळाने नावाचा एसएमएस येई. गाण्यातील ठळक स्वरबिंदूंचा नकाशा, म्हणजे जणू त्याच्या बोटांचा ठसा, साठ्यातील ठशांशी ताडून हे काम होते. ठसा मात्र मूळ ध्वनिमुद्रणाचा लागतो, आणि ते मुद्रण तर बहिणीने पुसलेले. 2020 मध्ये गूगलने नुसत्या गुणगुणण्यावरूनही गाणे शोधण्याची सोय केली; ती चालीच्या चढउतारावर चालते, आणि शोधकाच्या चालीत चढही नसतो व उतारही नसतो. शिवाय चाळीस वर्षांच्या गुणगुणण्यात त्याने चाल नकळत सुधारलेली असते: एक कडवे वाढवलेले असते, खोकला दोनदा येतो, आणि वयोमानानुसार वेग निम्म्यावर आलेला असतो. यंत्र बापडे चाचपडत दोन-तीन नावे सुचवते, आणि त्यांत हटकून एखादे अंगाईगीत असते.

शोधकाच्या मानसिकतेतील मर्मस्थान मात्र वेगळेच आहे. आपल्याला भावलेले गाणे जगात इतर कोणाला ठाऊक असणे शक्य नाही, असे त्याने पंधराव्या वर्षीच ठरवून टाकलेले असते. म्हणून तो 1,000 प्रतींच्या, 500 प्रतींच्या, गोदामात भिजून गेलेल्या तबकड्यांची यादी करतो, आणि जे गाणे तेव्हा लाखोंनी विकत घेतले त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. या श्रद्धेला अलीकडे अधूनमधून दुजोराही मिळतो. 1984 च्या सुमारास उत्तर जर्मनीतील एका मुलाने एनडीआर या केंद्रावरून टेप केलेले एक न्यू वेव्ह गाणे 2007 पासून जगभरातील हौशी मंडळी धुंडाळत होती. अखेर नोव्हेंबर 2024 मध्ये, एका जुन्या संगीतस्पर्धेचा माग काढताना वर्तमानपत्रातील बातमीवरून, ते कील शहरातील फेक्स या बँडचे ‘सबवेज ऑफ युअर माइंड’ असल्याचे सिद्ध झाले. ते तोवर तबकडीवर कधी आलेच नव्हते. या वार्तेने शोधक आठवडाभर हवेत होता, आणि सामान्य गाणी सामान्य माणसांसाठी असतात हे त्याचे मत तेव्हापासून सिद्धान्तपदाला पोहोचले.

आता ज्या पिढीने पंकच्या नावाने आईबापांची झोप उडवली ती पिढी किराणा खरेदी करते, आणि म्हणून तीच गाणी आज ब्रिटनमधील सुपरमार्केटात कांदे-बटाट्यांच्या डोक्यावर मंद आवाजात वाजतात. अशाच एखाद्या शनिवारी शोधकाची पत्नी गोठवलेल्या मटारांपाशी थबकते. छतातून येणारे गाणे तिला पहिल्या ठोक्यालाच कळते, कारण तीस वर्षे तिने ते न्हाणीघराच्या दारातून, मोटारीच्या पुढच्या आसनावर आणि आजारपणातही ऐकलेले असते. मावशी नाही, फ्रिजही नाही, वेग दुप्पट आहे, पण खोकला आहे. 1979 मध्ये ते ब्रिटनमधील खपाच्या यादीत पहिल्या दहात होते, हे मात्र तिला माहीत नसते. शोधक पलीकडच्या रांगेत दोन बिस्किटपुड्यांच्या किमती ताडून पाहत असतो, आणि इतक्या लोकांत वाजणारे गाणे आपले असू शकत नाही या सिद्धान्तानुसार त्याचे तिकडे लक्षच नसते.

गाणे संपते. क्षणभर शांतता पसरते, आणि मटारची पिशवी हातात धरून उभ्या असलेल्या तिच्या तोंडून सवयीने, नकळत, “द” असा उच्चार निघतो.

पलीकडच्या रांगेत बिस्किटांचा पुडा खाली पडतो. शोधक धापा टाकत येतो, तिचे खांदे धरतो आणि हे तू कुठे ऐकलेस, कोणते गाणे, कोणता बँड, असे विचारू लागतो. ती एकवार छताकडे पाहते, जेथे आता टोमॅटोंवरील सवलतीची घोषणा सुरू झालेली असते, आणि चहा संपला आहे, तेवढा घ्यायचा आहे, असे सांगून गाडी पुढे ढकलते. कारण हे गाणे सापडले तर तो दुसरे काढील, आणि हे निदान तिला पाठ झालेले असते.