कप्तान, मुक्काम धरमपेठ

धरमपेठेतल्या माणसानं मोटरबोट घेऊ नये, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. मी बघितलं. २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात नोंदणी आहे, तपासणी आहे, विमा आहे. मालकाच्या घरापासून समुद्र शेकडो किलोमीटरवर असू नये, असं कलम मात्र नाही. त्यामुळे अमरावती रोडवरच्या एका शेतघरामागे जुनी फायबरची बोट विकायला आहे असं कळलं, तेव्हा कायदा माझ्या बाजूनं होता. बायको नव्हती.

माझी तयारी पक्की होती. म्हणजे टोपी घेऊन झाली होती. पांढरी, समोर सोनेरी नांगर. ती घालून मी गोकुळपेठेत भाजी आणायला गेलो, तर सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकणारी बाई म्हणाली, "काय बाप्पा, बँडात लागले का?" मोठी माणसं असल्या गोष्टी मनावर घेत नाहीत. मी फक्त घरी येताना दुसरा रस्ता धरला.

बायकोनं एकच प्रश्न विचारला, "ठेवाल कुठे?"

"अंगणात."

"आणि कूलर?"

कूलरचा विषय निघालाच आहे, तर दोन शब्द बोलावेच लागतील. आम्हा नागपूरकरांचं सगळं जलशास्त्र कूलरवर पोसलेलं आहे. होळी झाली की तो पोत्याखालून निघतो. टाकीच्या बुडाला हात लावला की गंजाचे पापुद्रे हातात येतात. मग डांबर, एम-सील, पुन्हा डांबर. नवी खस बसते. पंप चालू होत नाही. त्याला चापट मारावी लागते, आणि कोणती चापट कुठे बसली की तो चालू होतो हे ज्ञान घराण्यात बापाकडून मुलाकडे जातं. आमच्याकडे ते माझ्याकडे आलं आहे. पहिलं पाणी खसेवरून ओघळतं आणि सगळं घर ओल्या मातीसारखं दरवळतं, त्या संध्याकाळी बाहेर पारा कुठेही असो, नागपूर सोडून जाणारी पोरं वेडी वाटतात. शेजारचे काका दरवर्षी येतात, जाळीपुढे उभे राहतात, डोळे मिटतात आणि "हवा कमी फेकून राहिला यंदा" असा निकाल देतात. मग चहा होतो. पंखा उलटा फिरतो आहे हे चहानंतर कळतं. ज्यानं इतके उन्हाळे गळती, गंज आणि पंप सांभाळला, त्याला बोट ओळखता येऊ नये? कूलरमध्ये पाणी आत ठेवायचं, बोटीत बाहेर; फरक तेवढाच.

याच आत्मविश्वासानं मी टोपी सारखी केली आणि बोटीवर टिचक्या मारल्या. विकणारा भाऊ म्हणाला, "साहेब, फक्त धरणात चाललीय. मालक हौशी होते." मी मान हलवली, टोपी असली की मान आपोआप जाणकारासारखी हलते. सोबत नेलेल्या मेकॅनिकनं माझ्याकडे न बघता लाकडी हातोडीनं बुडाला ठोकत यायला सुरुवात केली. टण, टण, टण, भद. "इथं थर सुटला," तो म्हणाला. मग मागची फळी. इंजिन जिला लटकतं ती वरून फायबर दिसते, पण जुन्या बोटींत आत प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकांतून पाणी शिरलं की ते आतल्या आत कुजतं. त्यानं इंजिनाचा खालचा भाग धरून वर-खाली हलवला. फळीही सोबत हलली. विकणारा भाऊ आभाळाकडे बघू लागला.

मग गिअरचं तेल काढलं. दुधाळ निघालं, म्हणजे सील गेलं आणि आत पाणी. दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. जवळपास सारखं हवं, इथं एक दुसऱ्याच्या निम्मं. पेट्रोल कित्येक महिने टाकीत पडून. त्यातलं इथेनॉल ओल ओढतं आणि पाणी धरून तळाला बसतं. शेवटी त्यानं स्क्रूंवरची पांढरी पूड बोटावर घेऊन भाऊला दाखवली. "भाऊ, धरणात मीठ कोण टाकतं?"

कागद मागितले, तर "होऊन जातील".

निकाल लागला होता, तरी मी मोहल्ल्यात महिनाभर बोटीच्या गप्पा मारत होतो. लोक विचारत, किती पळते? कुठे चालवाल, फुटाळ्यात? तोतलाडोहात, वाघासमोर? सगळे हसत, मीही हसत असे. फक्त नदीकडच्या गल्लीतल्या एका आजोबांनी वेगळं विचारलं, "माणसं किती बसतात तिच्यात?"

ते विनोद करत नव्हते. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदी घराघरांत शिरली. आजोबांनी ती पहाट पलंगावर ठेवलेल्या टेबलावर काढली, आजींचा हात धरून. फ्रिज खोलीभर तरंगत होता. मूकबधिर शाळेतली मुलं, वसतिगृहातल्या मुली, म्हातारी माणसं यांना काढायला आपत्ती दलाचे जवान आणि कामठीचं लष्कर बोटी घेऊन आलं. काही माणसं वाचली नाहीत. नंतर सांडव्यासमोरचा पुतळा, अरुंद केलेली नदी, भिंती, पूल यांवरून हायकोर्टापर्यंत वाद गेला. मला राग येतो तो याचा, की भिंत कुणाची हे ठरवायला आपल्याकडे वर्षं आहेत, आणि पाण्याला आत यायला एक पहाट पुरली. माझ्या टोपीला हसणाऱ्या या मोहल्ल्यात बोट ही चैन नव्हती, त्या दिवशी तरी.

तेव्हा ती बोट घेऊ नका, हा माझा निकाल. फळी कुजलेली असेल, तेल दुधाळ असेल, कागद "होऊन जातील" असतील, तर फुकट मिळाली तरी महाग. पण महापालिकेला एक विनंती आहे. नदीकाठच्या प्रत्येक वस्तीजवळ एक चालू बोट ठेवा, चालवणारा माणूस नेमा, आणि दरवर्षी जूनच्या आधी तिचं इंजिन पाण्यात घालून, लोकांसमोर सुरू करून दाखवा. नागपूरकर आपल्या कूलरची एवढी तपासणी दर उन्हाळ्यात करतोच.