निर्यातदार व्हा! (नवशिक्यांसाठी)

सर्वप्रथम देशाने पीक निवडावं. समिती, अहवाल वगैरे मागाहून. आधी गावातला एखादा खुळा कर्ज काढून लावून बघतो. बुडाला तर ‘सांगत होतो’. तरला तर पुढच्या छाटणीआधी अख्खा तालुका त्याच्या बांधावर.

उदाहरणादाखल नाशिकची द्राक्षं घ्या. साहित्य : थॉमसन सीडलेस, ठिबक, आणि फेब्रुवारी ते एप्रिल एवढा काळ. दक्षिण आफ्रिकेचा माल ओसरतोय, युरोपचा स्वतःचा यायचाय; त्या फटीत अंग चोरून शिरायचं.

एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी. मग विरळणी : घडातले चांगले-भले मणी कात्रीने उडवायचे, म्हणजे उरलेले फुगतात. पॅकहाउसमध्ये मण्याला रिंग लावून मापतात. स्थळ बघायला आलेली मंडळीही एवढं निरखत नाहीत. पुढे प्री-कूलिंग, खोक्यात सल्फर डायऑक्साइडचा पॅड, थंडगार रीफर कंटेनर, न्हावाशेवा बंदर. एकट्याचं हे काम नव्हे. म्हणून 1991 मध्ये बागाईतदारांच्या सहकारी संस्थांनी मिळून ‘महाग्रेप्स’ काढली.

आता मुख्य धडा : तुम्ही द्राक्षं विकत नाही, द्राक्षांचा रिपोर्ट विकता. बागेची नोंदणी, फवारणीची वही, प्रयोगशाळेचा नमुना, सगळं ‘ग्रेपनेट’ या ऑनलाइन नोंदवहीत. तरीही 2010 साली युरोपात कंटेनर अडकले. कारण क्लोरमेक्वाट, आपलं नेहमीचं सीसीसी. शेंडा थांबून काडीत घड धरावा म्हणून वर्षानुवर्षं मारलेलं. इथल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. तिकडची तेव्हाची मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे तेरा टनांच्या अख्ख्या कंटेनरमध्ये पाऊण ग्रॅमसुद्धा नाही. नियम गिऱ्हाईक करतं, माल तुमचा परत येतो आणि बँकेचा हप्ता कुठेच जात नाही. नवशिक्यांनी हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहावं. फवारणीच्या नोंदी दुसऱ्यापासून.

भावाबद्दल विचारू नये. बऱ्याचदा माल तिकडे विकल्यावर खर्च वजा जाऊन काय उरलं ते कळतं. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तशी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून निघाली; वाढलेलं भाडं आणि लांबलेले दिवस त्याच हिशेबात.

एवढं अंगवळणी पडेपर्यंत पेरू देशानेही किनाऱ्याच्या वाळवंटात पाणी आणून द्राक्षं लावलेली असतात, तीही पेटंटच्या नव्या वाणांची. तुम्हीही वाण बदला. काडी शेजाऱ्याकडून मागून आणू नका. रॉयल्टी भरा आणि पावती जपून ठेवा, गिऱ्हाईक तीही मागतं.