बाणावरची बारीक अक्षरं

वर्ध्याच्या शाळेत मी 30 वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. म्हणजे निदान तीस वेळा तरी ते समीकरण फळ्यावर लिहिलं असणार: डावीकडे सी-सिक्स एच-ट्वेल्व्ह ओ-सिक्स, मग बाण, उजवीकडे दोन रेणू अल्कोहोलचे आणि दोन कार्बन डायऑक्साइडचे. बाणाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘यीस्ट’. दोन्हीकडचे अणू मोजायचे, सारखे भरले की खाली दोन रेघा ओढायच्या आणि खडूचे हात झटकायचे. बाण काढायला मला एक सेकंद लागत असे.

प्रयोग मात्र कधी केला नाही. तास 35 मिनिटांचा, जिल्हा दारूबंदीचा, आणि सेवाग्राम सायकलच्या अंतरावर. एकदा मुख्याध्यापकांकडे विषय काढून पाहिला होता. ते म्हणाले, “सर, परीक्षेत मार्क बाणाला आहेत की दारूला?” पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही.

तो बाण प्रत्यक्ष पाहिला तो या जानेवारीत, ऑरेगन राज्यातल्या बीव्हर्टन गावी, मुलाच्या घरी. आम्हा दोघांना दिलेल्या खोलीच्या कपाटात तो ठेवला होता. त्याला चौदा दिवस लागले.

“बाबा, शनिवारी बिअर लावणार आहे,” मुलगा म्हणाला, तेव्हा मी आधी क्रियापदाशीच अडलो. लोणचं घालतात, दही लावतात, पीठ आंबवतात, आणि दारू, आमच्या जिल्ह्यात जी नाहीच ती, गाळतात किंवा पाडतात. बिअरचं नेमकं काय करतात? मग मनात दुसरी शंका आली, ती पोलिसांची. त्याने समजावलं की इथे घरी वाइन करायची मुभा दारूबंदी उठल्यापासूनच होती, पण बिअर त्यातून राहून गेली होती. 1978 साली अध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि तीही सुटली. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर 200. म्हणजे साडेसातशे लिटर. हे ऐकून हिने विचारलं, “मग आपण दोघं आलो, तर कोटा वाढेल का रे?” रेशनच्या साखरेवर संसार केलेली बाई. कोटा वाढत नाही, दोनशेला संपतो, हे कळल्यावर उगाचच थोडी हिरमुसली.

शनिवारी सकाळी स्वयंपाकघराचा ताबा मुलाने घेतला. मोड आणून वाळवलेली, भरडलेली बार्ली त्याने 66 अंशांच्या पाण्यात भिजत घातली आणि तासभर ते तापमान सांभाळत बसला. हिने पातेल्यात डोकावून निकाल दिला, “नाचणीचं सत्त्व की!” आणि ते खरंच होतं. दाण्याला मोड आले की त्याच्या पोटात विकरं तयार होतात आणि पिठाची साखर करायला लागतात. बाळासाठी नाचणीला मोड आणणारी प्रत्येक आजी निम्मी बिअर करूनच थांबलेली असते. (हे मी तेव्हा मोठ्याने बोललो नाही.) मग ते गोड पाणी गाळून तासभर उकळलं. घरभर हॉर्लिक्सचा वास सुटला. त्यात त्याने हॉप्सच्या हिरव्या गोळ्या टाकल्या, कडवटपणासाठी आणि टिकण्यासाठी. हॉप्स हे गांजाच्या कुळातलं झाड. हे मला माहीत होतं, हिला नव्हतं, आणि तसंच राहू दिलं.

खरी मौज उकळणं संपल्यावर सुरू झाली. ज्या मुलाने मुंजीनंतर आठव्या दिवशी जानवं खुंटीला अडकवलं, तो अचानक कडक सोवळ्यात गेला. पिंप, नळी, झाकण, कात्री, चमचा, सगळं जंतुनाशक पाण्यातून काढलेलं. “आई, त्याला हात लावू नकोस!” माझ्या आजीच्या लोणच्याच्या बरणीजवळ मी हेच वाक्य, याच पट्टीत ऐकलं होतं. तिला ओला हात चालत नसे, याला कोरडा. रस विशीच्या अंशांपर्यंत थंड झाल्यावर त्याने 19 लिटरच्या त्या पिंपात यीस्टची पुडी भुरभुरली, झाकण लावलं, झाकणाच्या भोकात पाणी भरलेली प्लास्टिकची छोटी कोंडी बसवली आणि पिंप आमच्या कपाटात ठेवलं. तिथलं तापमान म्हणे सर्वांत स्थिर. पुडी जेमतेम 11 ग्रॅमची. दिवसभर राबला तो, पण बिअर अजून झालेलीच नव्हती. झालं होतं ते गोड पाणी. बिअर ती पुडी करणार होती.

आमच्या शास्त्राने या पुडीशी फार बरं वर्तन केलेलं नाही. बव्हेरियात 1516 साली बिअरच्या शुद्धतेची राजाज्ञा निघाली, त्यात घटक सांगितले तीन: पाणी, बार्ली, हॉप्स. यीस्टचं नाव नाही. असं कोणी आहे हेच ठाऊक नव्हतं. पण 1839 मध्ये ठाऊक होऊ लागलं होतं, तेव्हा काय झालं? ज्याच्या युरियाशिवाय सेंद्रिय रसायनाचा धडा सुरू होत नाही तो व्होलर आणि ज्याच्या नावाचा कंडेन्सर आमच्या प्रयोगशाळेत तीन ठिकाणी तडकलेला होता तो लिबिग, या दोघांनी यीस्टला सजीव म्हणणाऱ्यांची टर उडवली. निनावी लेख छापला: सूक्ष्मदर्शकाखाली म्हणे चिमुकले प्राणी दिसले, ते साखर गिळतात, मागच्या दाराने अल्कोहोल सोडतात आणि लघवीवाटे कार्बनचा वायू. एवढ्या मोठ्या माणसांनी वर्गातल्या शेवटच्या बाकावरचा विनोद करावा! आणि गंमत म्हणजे, अवयवांचा तपशील सोडला तर तो विनोद जवळजवळ खरा निघाला. यीस्ट जिवंतच आहे, हे पुढे पाश्चरने ठासून सांगितलं. 1876 साली त्याने बिअरवर आख्खा ग्रंथ लिहिला. मी या तिघांचीही नावं वर्गात घ्यायचो. पण यीस्ट लिहायचो ते बाणावर, बारीक अक्षरांत, जागा उरली तर.

पहिली रात्र शांत गेली. कुठलीच हालचाल नाही. सकाळी मुलगा बाहेर जाताना म्हणाला, “लक्ष ठेवा. उघडू नका.” लक्ष ठेवणं आणि न उघडणं ही दोन कामं एकाच माणसाला कधी देऊ नयेत. मी दर अर्ध्या तासाने कपाट उघडून बसत होतो. स्वयंपाकघरात हिचीही तीच अवस्था. इडलीचं पीठ ओव्हनमध्ये, ओव्हन बंद, आतला दिवा फक्त चालू, कारण बाहेर पाच अंश. “सारखं उघडून बघू नका, गार वारं लागतं,” हे तिने मला कितव्यांदा सांगितलं कोण जाणे. स्वतः मात्र दोनदा बघून आली होती.

संध्याकाळी कोंडीतून पहिला आवाज आला. बुडुक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा बुडुक. रात्रीपर्यंत ते आमच्या जुन्या घरातल्या लंबकाच्या घड्याळासारखं चालू लागलं आणि मध्यरात्री त्याने ताल सोडला. पहाटे तीनला फस्स असा आवाज झाला, कोंडी उडाली, आणि कपाटात टांगलेल्या माझ्या थंडीच्या कोटावर तपकिरी फेस. मुलगा धावत आला, पण घाबरलेला नव्हता. उलट चेहऱ्यावर बारशाचा आनंद. “जोरात चाललंय, बाबा!” कोंडी काढून त्याने जाडशी रबरी नळी बसवली आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बरणीत सोडलं.

ती नळी पाहिली आणि माझी झोपच उडाली. ही तर वायुवाहक नळी! हिच्या पानाच्या डब्यातला चुना मी पेलाभर पाण्यात कालवला, सकाळपर्यंत बसू दिला, वरची निवळी काढली आणि बरणीतल्या पाण्याच्या जागी तीच ओतली. बुडबुडे त्यातून वर येऊ लागले. बघता बघता निवळी धुरकट झाली, मग दुधाळ. इतकी वर्षं ‘चुन्याची निवळी दुधाळ होते’ हे वाक्य मी पोरांकडून घोकून घेतलं होतं. हिला हाक मारली. ती हातातली पळी तशीच घेऊन आली, बघितलं आणि म्हणाली, “ताक झालं की हो.” संध्याकाळपर्यंत ते ताक हळूहळू पुन्हा निवळत गेलं, कारण वायू जास्त झाला की चुन्याचा झालेला खडू परत विरघळतो. हेही पुस्तकात होतं. दोन मार्कांना.

मग मी पाकिटाच्या पाठीवर गणित मांडलं. 180 ग्रॅम साखरेतून 92 ग्रॅम अल्कोहोल आणि 88 ग्रॅम वायू, म्हणजे जवळजवळ निम्मी साखर हवेत. त्या पिंपातून सगळं मिळून पाऊण किलो वायू जाणार, चारशे लिटरच्या घरात. आणि तो आम्ही कपाटाचं दार किलकिलं ठेवून झोपत होतो त्या खोलीत. दार मी त्या रात्रीपासून बंद केलं आणि खिडकी थोडी उघडली.

ऑरेगन राज्याने 2013 साली या यीस्टला आपला अधिकृत राज्य-सूक्ष्मजीव जाहीर केलं आहे. आपल्याकडे शेकरू आहे, ताम्हण आहे, हरियाल आहे. पण सूक्ष्मजीवाचा मान द्यायचा तर आपण विरजणाला देऊ, असं हिचं मत. प्रस्ताव कुणाकडे पाठवायचा ते ठरायचं आहे.

सहाव्या दिवशी आवाज मंदावला, दहाव्या दिवशी बंद. मला अगदी चुकल्यासारखं झालं. मुलगा म्हणाला, अजून चार दिवस थांबू, खालचा गाळ बसू दे, आतली आवराआवर ती करतेच. ‘ती’ म्हणजे यीस्ट. पोरगा तिच्याविषयी घरच्या बाईसारखं बोलायला लागला होता. चौदाव्या दिवशी त्याने तोटीतून उंच काचनळीत नमुना काढला आणि हायड्रोमीटर सोडला. हे काम त्याने मला दिलं. मी गुडघ्यावर बसून, डोळा द्रवाच्या पातळीला आणून वाचलं. सुरुवातीला विशिष्ट गुरुत्व होतं 1.050. आता 1.010. साखर गेली होती. बाण पोचला होता.

आता काचनळीतल्या त्या नमुन्याचं काय करायचं? मुलगा म्हणाला, पिंपात परत ओतायचा नाही, सोवळं मोडतं. बरोबर आहे. नमुना मूळ बाटलीत परत ओतायचा नाही, हे मी 30 वर्षं प्रयोगशाळेच्या दारावर पाटी लावून शिकवलं. मुलगा आणि ही, दोघंही माझ्याकडे बघत होते. मी काचनळी उचलली आणि जन्मात पहिल्यांदा, वर्ध्यापासून पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, प्यायलो. कोमट, बिनफेसाची, कडवट. सुंठ विसरलेल्या काढ्यासारखी.

“कशी आहे?” हिने विचारलं.

“नियम म्हणजे नियम,” मी म्हणालो.

नमुना सिंकमध्येही ओतता आला असता. तेही नियमात बसत होतं. पण हे मला रात्री, शांत झालेल्या कपाटाशेजारी पडल्यावर सुचलं.