साइट रेडी आहे का?

काकांना फोन लावला की पलीकडून 'हॅलो' येत नाही. "साइट रेडी आहे का?" असं येतं. लावणारी काकू असली तरी.

बँकांच्या गावोगावच्या शाखांत नवे कॉम्प्युटर बसवण्याचे ठेके घेणाऱ्या कुठल्याही कंपनीत असा एक काका असतोच. पद प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर. खिशात टेस्टर, हातात दोन फोन. एकावर अहेरीचा इंजिनिअर, दुसऱ्यावर घाटात अडकलेला ट्रान्सपोर्टवाला. दोघांनाही उत्तर एकच: "थांब, शीट उघडतो." ती एक्सेल शीट म्हणजे काकांचं सर्वस्व. झालेली साइट हिरवी, अडलेली लाल, आणि 'उद्या नक्की होईल' सांगणारी पिवळी. पिवळ्यांवर काकांचा राग जास्त.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. जुन्या बऱ्याच मशिनांत टीपीएम 2.0 नाही, म्हणजे विंडोज 11 चा राजमार्ग बंद. मशीनच बदला! आपण ही बातमी वाचून पान उलटलं. काकांची दिवाळी गेली. "एक्सपी गेला तो 2014 चा एप्रिल होता," ते हळहळतात. "निदान कोकणातल्या साइटवर आंबे तरी मिळाले."

शाखेतून "सगळं रेडी आहे" असा निरोप आला की काका म्हणतात, "फोटो पाठवा." फोटोत टेबल असतं, टेबलावर गणपती असतो, प्लग पॉइंट नसतो. असलाच तर त्याला कुलर लावलेला. मग उलटतपासणी सुरू. "यूपीएसचा पॉइंट कुठला? लेझर प्रिंटर त्यावर लावलात तर मी स्वतः येईन!" आणि शेवटी, आवाज खाली आणून, "न्यूट्रल-अर्थ किती येतंय?"

"बावीस, काका."

"तीनच्या आत पाहिजे रे बाबा, बावीस काय!"

मग इलेक्ट्रिशियन येतो, शाखेमागचा अर्थिंगचा खड्डा शोधला जातो, त्यावर कुणीतरी तुळस लावलेली निघते. मीठ, कोळसा, वरून पाणी. लाखोंची सामग्री कपाटाएवढ्या खोक्यांत बंद, आणि काका फोनवरून विचारतायत, "बादली मिळाली का?"

तरी हा माणूस नकाशा पाठ असलेला. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, म्हणून त्यांच्या शीटमध्ये भामरागड नेहमी पावसाळ्याच्या आधी. ऑफिसातल्या तरुण मॅनेजरांना अजून वाटतं, ती यादी अकारविल्हे लावता येईल.

नव्या पोरांना ते स्वतः शिकवतात. केबलला कनेक्टर लावताना तारांचा क्रम म्हणून घेतात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून, परवचा म्हणायला बसवल्यासारखं.

पण त्यांचा खरा देव म्हणजे शिक्का. इन्स्टॉलेशन रिपोर्टवर शाखाधिकाऱ्याची सही आणि शिक्का नसेल तर बिल सुटत नाही. एका शाखेत मशिनं बसली, नेटवर्क आलं, हळदीकुंकू वाहून झालं, नारळ (काकांच्या फोनवरच्या आग्रहाने, यूपीएसपासून लांब) फुटला. शिक्का मात्र ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, आणि किल्ली खिशात घेऊन साहेब सासुरवाडीला. इंजिनिअर म्हणाला, "काका, सगळं चालू आहे, निघू का?"

"मशीन चालू झालं म्हणजे काम झालं असं तुला कुणी सांगितलं? तिथेच लॉज बघ."

मला वाटायचं, हे सगळं नोकरीपुरतं असेल. मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. आदल्या संध्याकाळी काका टेस्टर घेऊन मंगल कार्यालयात. जनरेटर चालवून पाहिला, स्टेजमागचे पॉइंट मोजले, वरपक्षाच्या खोलीत गिझरची तार ओढून पाहिली. व्याही कौतुकाने बघत होते. काकू दुसरीकडे बघत होत्या. लग्न उत्तम पार पडलं. पंगती उठल्यावर काकांनी केटररपुढे कागद धरला: ताटं किती, जिलबी पोचली, पाणी पोचलं, खाली सही. त्याने हसत हसत केली.

"शिक्का?"

"तो दुकानात राहिला, काका."

काकांनी दहा टक्के रोखून धरले.