शब्दातीत नाना

बदलापूरच्या सोसायटीत एक वेळ चेअरमन नसला तरी चालतं, शब्दातीत नाना लागतातच. वय साठीच्या पुढे, निवृत्ती बँकेतून नाहीतर अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून. पांढरा झब्बा, खांद्याला शबनम, तिच्यात पाण्याची बाटली, रेल्वेचा पास आणि कव्हर घातलेला ‘अमृतानुभव’. नानांना ‘तो’ अनुभव आलेला आहे. तो शब्दांत सांगता येत नाही, असं ते सांगतात. आणि बदलापूर ते सीएसएमटी हे जवळजवळ 68 किलोमीटर सांगत राहतात. ठाण्याला उतरणाऱ्यांच्या वाट्याला अनिर्वचनीय अर्धंच येतं.

निवृत्त माणसाला पास कशाला, असा प्रश्न नवख्याला पडतो. पण चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकवून बसलेला, उठलो तर तेवढीही जागा जाईल या धास्तीतला माणूस जितका एकाग्र असतो, तितका श्रोता घरी मिळत नाही. घरी नानी आहेत. ‘‘लाइट बिल भरलंत का?’’ असं त्या विचारतात, तेवढ्यापुरते नाना खरोखरच शब्दांच्या पलीकडे जातात.

या अनुभवाचं मूळ इगतपुरीत आहे. धम्मगिरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर असतं. त्यात साधकांनी एकमेकांशी बोलायचं नाही, खाणाखुणाही करायच्या नाहीत. नानांनी हे निष्ठेनं पाळलं. मग मौन सुटलं, ते सुटलंच. ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभवा’त ‘वाचाऋणपरिहार’ नावाचं आख्खं प्रकरण लिहून वाणीचं ऋण फेडलं. नाना आपली थकबाकी अजून वसूल करताहेत, व्याजासकट.

डब्यात नानांना अडवणारा एखादा असतोच. ‘‘नाना, मेहेरबाबा 10 जुलै 1925 ला गप्प झाले, ते 31 जानेवारी 1969 ला देह ठेवीपर्यंत बोलले नाहीत. तुमचा मुहूर्त कधी?’’ यावर नाना मंद हसतात. ‘‘मौन म्हणजे न बोलणं नव्हे,’’ असं म्हणून ते या दोहोंतला फरक समजावायला घेतात. गाडी बदलापूर सोडते, अंबरनाथ जातं, उल्हासनगर जातं, विठ्ठलवाडी जातं. कल्याणला गर्दीचा लोंढा आत शिरतो आणि मौनाचा उत्तरार्ध दारातल्या भांडणात बुडतो.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नानांची साधना निराळी. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवलं आणि उत्तरादाखल ‘चांगदेव पासष्टी’च्या 65 ओव्या आल्या, ही कथा त्यांना फार प्रिय. कोरा मेसेज जात नाही म्हणून नाना एक टिंब टाकतात. पाठोपाठ त्या टिंबाचा गर्भितार्थ उलगडणारी लांबलचक ऑडिओ क्लिप येते. तिच्याखाली पहिली प्रतिक्रिया असते : ‘‘आज पाणी किती वाजता?’’

नानांना पुरून उरला तो उल्हासनगरचा एक कापडवाला. गल्ल्यावरून त्यानं ‘‘आओ साईं!’’ म्हणून हाक मारली, तेव्हा नाना गहिवरले. आपली अवस्था इतक्या लांबून ओळखणारा कुणीतरी भेटला! सिंधी दुकानात प्रत्येक गिऱ्हाईक ‘साईं’च असतं, हे नानींनी सांगेपर्यंत नाना दुकानात चढलेही होते.

‘‘कितना मीटर, साईं?’’

‘‘जे खरं आहे, त्याला माप नसतं.’’

‘‘तो साईं, कटपीस ले जाओ.’’

अंबरनाथचं शिवमंदिर पाहुण्यांना दाखवायचं कामही नानांकडेच. शिलालेखात शके 982, म्हणजे इ.स. 1060, शिलाहार राजा मम्वाणीचा काळ. गाभारा मंडपापेक्षा बराच खाली, पायऱ्या उतरून जावं लागतं. उतरता उतरता गप्पिष्ट माणसाचाही आवाज खाली येतो. नाना मात्र तिथे अद्वैत सुरू करतात. मागे दर्शनाची रांग थांबलेली असते, आणि एकत्व पटलेल्या नानांना तीच एक वेगळी दिसत नाही.

नानांची टिंगल सोपी आहे, पण तक्रार त्यांच्या बोलण्याबद्दल नाही. खेतवाडीतले निसर्गदत्त महाराज विडीचं दुकान चालवायचे आणि घरच्या माळ्यावर बसून मराठीत भरपूर बोलायचे. मॉरिस फ्रीडमन यांनी ती संभाषणं इंग्रजीत आणली आणि 1973 साली ‘आय ॲम दॅट’ निघालं. पण लोक प्रश्न घेऊन महाराजांचा जिना चढत. नाना उत्तर घेऊन लोकांच्या मागे रेल्वेचा पूल चढतात. ज्ञानदेवांनीही शब्दाचं खंडन शब्दांनीच केलं, त्याला दुसरं साधन नाही. फक्त सहाव्या प्रकरणात शब्दखंडन झालं आणि दहाव्यात ‘ग्रंथपरिहार’ करून ते थांबले. सगळा ग्रंथ आठशेच्या आसपास ओव्यांचा. नानांचा परिहार अजून कुणी ऐकलेला नाही. शब्द अपुरे पडतात, ही अनुभव आलेल्याची अडचण. नानांना ते पुरूनच उरतात. त्यांना अनुभव आला असेलही. त्याला मधे बोलायला जागा मिळालेली नाही, इतकंच.

तेव्हा बदलापूरला घर घेणार असाल तर पाणी आणि पार्किंगबरोबर नानांची विंग कोणती, तेही विचारून घ्या. गाडीत त्यांच्यासमोर बसायची वेळ आलीच, तर अनुभवाचं नाव काढू नका. पुढची कर्जत लोकल किती वाजता, एवढंच विचारा. वेळापत्रक त्यांना तोंडपाठ आहे, आणि ते मात्र नाना एका वाक्यात सांगतात.