डबा कोण करणार?

नवरा व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला की अख्खं घर कामाला लागतं. बायको बांगड्या गहाण टाकून फी भरते, आई नवस बोलते, मेहुणा दुकान सांभाळतो, ऑफिसात ‘कावीळ झालीय’ असं कळवलं जातं. साहेब बरे होऊन परतले की दारात औक्षण. आता त्याच घरातली बाई दाखल होऊ द्या. आठवडा उलटायच्या आत फोन सुरू. धाकट्याला ताप आलाय. गॅसचं पुस्तक कुठे ठेवलंयस? परवा सत्यनारायण आहे, लोक विचारतील. आणि मुख्य म्हणजे, मुलांचा डबा कोण करणार? बाई बॅग भरते. कागदावर शेरा पडतो: ‘रुग्णाची इच्छाशक्ती कमी.’ घरच्यांच्या इच्छाशक्तीसाठी त्या कागदात रकाना नसतो.

व्यसनाच्या उपचारात मुक्कामाला मोल आहे. जो जास्त दिवस राहतो त्याचं पुढे निभण्याची शक्यता जास्त, हे ठिकठिकाणी दिसून आलंय. मग बाई राहते कशाने? शपथेने? प्रवचनाने? फ्लोरिडातल्या एका निवासी केंद्राने चिठ्ठ्या टाकल्यासारखे कोकेनच्या आहारी गेलेल्या बायकांचे दोन गट पाडले. एका गटातल्या बायकांना आपली एक-दोन मुलं सोबत ठेवायची मुभा, दुसऱ्या गटाला नाही. मुभा मिळालेल्या बायका सरासरी सुमारे ३०० दिवस राहिल्या, दुसऱ्या सुमारे १००. हे १९९५ साली छापून आलंय. दोन्ही गट मिळून बायका जेमतेम पन्नासेक होत्या, त्यामुळे फार मोठा दावा करू नये हे मान्य. पण आईला पोराची ओढ असते हे सिद्ध करायला अमेरिकेला पैसे खर्चावे लागले, याची मौज वाटते.

आपल्याकडे तर कायदाच आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा दारू आणि ड्रग्जमुळे जडणाऱ्या मानसिक विकारांनाही लागू होतो. त्याचं २१वं कलम म्हणतं, उपचार घेणाऱ्या बाईपासून तिचं तीन वर्षांच्या आतलं मूल साधारणपणे वेगळं करू नये. छान. म्हणजे तिसरा वाढदिवस आला की केक कापायचा आणि मूल आजीकडे. आता जरा तुरुंगात डोकावा. आर. डी. उपाध्याय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं की कैदी आईजवळ मूल सहा वर्षांचं होईपर्यंत राहू शकतं. हिशेब असा झाला: पाच वर्षांच्या पोराची आई गर्द विकल्याबद्दल आत गेली तर पोर जवळ, गर्द सोडायला आत गेली तर पोर लांब! मोठ्या मुलाला घ्यायला केंद्रांना मनाई आहे असं नाही. पण हक्कही नाही, सगळी चालकांची मर्जी. शिवाय उद्या नवऱ्याने मुलांचा ताबा मागितला तर केंद्राचा हाच कागद कोर्टात फडकेल, ही धास्ती वेगळीच. तरी आपण विचारणार, बाई टिकत का नाही?

दुसरी गोष्ट आवाजाची. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात चार्ल्स डेडरिच याने सिनॅनॉन नावाची वसाहत काढली. तिथे ‘गेम’ चालायचा: सगळ्यांनी गोल बसून एकाला शब्दांनी सोलायचं, म्हणजे त्याचा ताठा उतरतो. ही शैली पुढे बऱ्याच निवासी केंद्रांत झिरपली. घरात ज्याला कुणी उलट बोललेलं नाही अशा पुरुषाला तिचा उपयोग होतही असेल. बाईला हे सगळं घरी दोन्ही वेळा फुकट मिळतं, त्यासाठी ती फी कशाला भरेल? व्यसनात सापडलेल्या बायकांमध्ये मारहाण आणि लैंगिक अत्याचार सोसलेल्या पुष्कळ असतात. अशा बाईसमोर ओरडणारा समुपदेशक बसवला आणि रात्रपाळीला पुरुष रखवालदार ठेवला, तर ती पळून जाते. त्यात तिची अक्कल शाबूत असल्याचंच दिसतं.

पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं १९८६ मध्ये. बायकांसाठी तिथला ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग निघाला २००९ मध्ये. यात संस्थेला बोल लावत नाही, त्यांनी निदान काढला तरी. आपण मात्र व्यसनमुक्ती केंद्राच्या पायरीवर बाई दिसली की ती कुणा दारुड्याची बायकोच, असं धरून चालतो. तशा पत्नींसाठी मुक्तांगणात ‘सहचरी’ नावाचा गट आहे. उद्या कुणी गावोगाव व्यसनी बायकांच्या नवऱ्यांसाठी ‘सहचर’ गट भरवायचं ठरवलं, तर चहा किती कप टाकायचा? एक पुरे. तोही समुपदेशकाने प्यायचा.

‘पण बायका असतातच किती?’ हा हुकमी प्रश्न. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणी अहवालात दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के आणि बायका १.६ टक्के आहेत. सासू शेजारच्या खुर्चीत कान टवकारून बसलेली असताना कोणती सून पाहणीवाल्याला खरं सांगेल? झोपेच्या गोळ्या तर औषधात जमा, आणि मिश्री म्हणजे दात घासणं.

तेव्हा बहिणीला, वहिनीला किंवा लेकीला दाखल करायची वेळ आली, तर माहितीपत्रकातली बाग आणि योगवर्गाचे फोटो बाजूला ठेवा. मूल सोबत ठेवता येईल का, रात्रपाळीला बाई असते का आणि बायकांचा विभाग खरोखर वेगळा आहे का, हे तीन प्रश्न आधी विचारा. तिन्ही उत्तरं ‘बघू’ अशी आली तर पुढचं केंद्र शोधा. सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर आहे, फोनला पैसे पडत नाहीत.