मिरजेचं मृगजळ

पहाटे पाचला उठणारी माणसं दोन प्रकारची. एकांना पाणी भरायचं असतं, दुसऱ्यांना सुधारायचं असतं. मिरजेत होतो तोवर मी पहिल्या जातीतला. नळाला पाणी आलं की आई अख्खी गल्ली जागी होईल अशा आवाजात कळशी आपटायची आणि मी झोपेतच नळाखाली बादली लावायचो. पुढे नोकरीने उत्तर कॅरोलायनातल्या शार्लट शहरात आणून टाकलं. इथे पाणी चोवीस तास. त्यामुळे गेल्या अकरा वर्षांत मी पहाट पाहिली ती फक्त भारताचं विमान पकडताना, आणि तीही बॅगांचं वजन करण्याच्या गडबडीत.

माझा शेजारी मात्र दुसऱ्या जातीतला. आमची ओळख तीन वर्षांची आणि बोलण्याचा विषय एकच: गवत. शार्लट शहरात बँकांचं राज्य आहे, उपनगरांत गवताचं. सप्टेंबरात फेस्क्यूचं बी पेरलं का, पाऊस पुरला का, कडेला तण माजलंय का. टपालपेटीपाशी उभे राहून आम्ही दोघे संसारी पुरुष आठवड्यातून चार मिनिटं गवतावर बोलत असू. त्याला मुलं किती, हे मला त्याच्या दारातल्या सायकली मोजून कळलं होतं.

ऑगस्टातल्या एका रविवारी गवत संपलं तरी तो हलेना. माझ्या पोटाकडे बघत म्हणाला, "उद्या पहाटे साडेपाचला शाळेच्या पार्किंगमध्ये ये. आम्ही काही पुरुष मिळून व्यायाम करतो. फुकट असतं."

मी म्हणालो, बघतो.

"कूपनंही असतात," तो म्हणाला.

घरी येऊन हे बायकोला सांगितलं. माझ्या पोटाबद्दल ती सहा वर्षं बोलत होती आणि मी सहा वर्षं ऐकत नव्हतो. पण 'फुकट' आणि 'कूपन' हे दोन शब्द लागोपाठ कानावर पडताच तिने माझ्या फोनवर पाचचा गजर लावूनसुद्धा टाकला.

या प्रकाराचं नाव एफ थ्री. फिटनेस, फेलोशिप आणि फेथ. आपल्या भाषेत व्यायाम, सोबत आणि श्रद्धा. १ जानेवारी २०११ला, बाकीचं जग आदल्या रात्रीच्या जागरणातून सावरत असताना, डेव्हिड रेडिंग आणि टिम व्हिटमायर या दोघांनी याच शार्लटमध्ये पहिली कवायत घेतली. पुढे हे लोण अमेरिकाभर पसरलं आणि अमेरिकेबाहेरही गेलं. नियम पाच. पैसे घ्यायचे नाहीत. कोणीही पुरुष आला तरी नाही म्हणायचं नाही. ऊन, पाऊस, थंडी काहीही असो, उघड्यावरच करायचं. पगारी मास्तर नाही. आपल्यातल्याच एकेकाने आळीपाळीने पुढे उभं राहायचं. आणि शेवट वर्तुळात उभं राहून करायचा. पहिले चार नियम ऐकून मी निश्चिंत झालो. हे तर आमच्या गल्लीतल्या क्रिकेटचेच नियम. पाचव्याकडे मी दुर्लक्ष केलं.

सोमवारी पार्किंगमध्ये मिट्ट काळोख होता. या काळोखाला तिथे 'ग्लूम' म्हणतात. तिथे प्रत्येक गोष्टीला काहीतरी म्हणतातच. पुढे उभा राहणारा तो 'क्यू', जमलेले ते 'पॅक्स', नवखा तो 'एफएनजी'. त्या दिवशीच्या क्यूने सुरुवातीलाच जाहीर केलं की मी काही व्यावसायिक प्रशिक्षक नाही, तुम्ही आपल्या मर्जीने आला आहात, झेपेल तेवढंच करा. इतकं प्रामाणिक निवेदन मी आजवर एकाही ज्योतिषाच्या किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं.

मग कूपनं आली. कूपन म्हणजे घरबांधणीचा सिमेंटचा पोकळ ठोकळा. वजन तीसेक पौंड. तो डोक्यावर उचलायचा, खाली ठेवायचा, पुन्हा उचलायचा आणि उराशी कवटाळून मैदानाला फेरी मारायची. अर्ध्या फेरीत मला एवढंच उमगलं की या कूपनावर कशातच सूट मिळत नाही.

ठोकळ्यानंतर बर्पी. उभं राहायचं, उकिडवं बसायचं, पाय मागे फेकायचे, एक जोर काढायचा, पाय पुढे घ्यायचे, उडी मारायची आणि आपण हे का करतोय असा विचार मनात यायच्या आत पुन्हा खाली जायचं. रॉयल बर्पी नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात, माणूस धडधाकट आहे की नाही हे झटपट तपासायला या कसरतीची मूळ, सोपी चाचणी काढली. माझा निकाल चौथ्या बर्पीलाच लागला होता. तरी उरलेल्या सोळा काढायच्या होत्याच.

व्यायाम करताना उलटी झाली तर तिला तिथे 'मर्लो' म्हणतात. मर्लो ही लाल वाइन. उपाशीपोटी कसं जायचं म्हणून मी निघताना आदल्या दिवशीच्या एकादशीची उरलेली साबुदाण्याची खिचडी वाटीभर खाल्ली होती. त्यामुळे माझी मर्लो पांढरी निघाली. दोघांनी पाठीवर हात फिरवला, तिसऱ्याने मोबाईलच्या उजेडात वाकून काळजीने विचारलं, हे नेमकं काय आहे? साबुदाणा इंग्रजीत समजावून सांगायची ती वेळ नव्हती.

धावताना तर मी शेवटचा ठरलेलाच. शेवटच्या माणसाला 'सिक्स' म्हणतात. घड्याळात बारा म्हणजे समोर, तर सहा म्हणजे पाठीमागे, म्हणून. नियम असा की पुढे गेलेल्या सगळ्यांनी फिरून मागे यायचं आणि सिक्सच्या आजूबाजूने धावत त्याला घेऊन जायचं. शाळेत शेवटच्या नंबरवाल्यासाठी टाळ्या वाजवायचे, तेव्हा निदान तोंड लपवायला जागा असायची. इथे तेरा घामेजलेले पुरुष माझ्या चहूबाजूंनी, माझ्याच वेगाने धावत होते. वरातीच्या घोड्याचा असतो तेवढा तो वेग होता. फक्त बँड नव्हता.

शेवटी वर्तुळ. आधी मोजणी झाली, मला धरून चौदा. मग नावं. प्रत्येकाने आपलं 'हॉस्पिटल नेम', म्हणजे जन्मल्यावर दवाखान्यात लिहिलेलं खरं नाव सांगायचं, वय सांगायचं आणि मग इथलं टोपणनाव. हृदयाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचं नाव 'प्लंबर' होतं आणि जो खरोखरच प्लंबर होता तो 'डॉक'. बॅप्टिस्ट चर्चचा पाद्री 'हँगओव्हर'. माझा बँकवाला शेजारी 'ओव्हरड्राफ्ट'. बंड्या, पिंट्या, बाळ्यांच्या देशातून आलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. तरी चाळिशी ओलांडल्यावर आपल्याला कोणी नव्याने टोपणनाव ठेवील असं वाटलं नव्हतं.

मला मध्ये उभं करून चौकशी झाली. काम काय? संगणकाचं. फजितीचा एखादा प्रसंग? हे विचारणाऱ्याला बाकीच्यांनीच गप्प केलं. जन्म कुठला? मी म्हणालो, मिरज.

"मिराझ?"

मिराझ म्हणजे मृगजळ. नाही, मिरज, सतारी बनतात ते गाव, असं मी सांगेपर्यंत काळोखातून तेरा जणांनी "मिराझ!" अशी आरोळी ठोकली होती. खऱ्या बारशात नाव ठेवणाऱ्या आत्याच्या पाठीत बुक्के बसतात. इथे ते माझ्याच पाठीत बसले.

नावाला जागायचं म्हणून पुढचे आठ दिवस मी तिकडे दिसलोच नाही.

पहाटे न उठता लोळत राहण्याच्या जागेला, म्हणजे अंथरुणाला, तिथे 'फार्टसॅक' म्हणतात. मी त्याचं 'पादगोधडी' असं मराठीकरण करून बायकोला सांगितलं, ही चूक झाली. मुलांनी तो शब्द त्याच दिवशी उचलला. त्यांच्या मराठीच्या शिक्षणातलं हे माझं सगळ्यात टिकाऊ योगदान.

अंग दुखतं हे न जाण्याचं एक कारण होतं. दुसरं मी कोणाला सांगितलं नव्हतं. नावं घेऊन झाल्यावर सगळ्यांनी एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकले होते, माना खाली घातल्या होत्या आणि हँगओव्हरने येशूच्या नावाने प्रार्थना केली होती. एफ थ्रीची श्रद्धेची व्याख्या ऐसपैस आहे: आपल्याहून मोठं काहीतरी आहे एवढं मानलं की पुरे. पण हे जगभर प्रवचनं करत फिरलेल्या बिली ग्रॅहम यांचं गाव. १९१८ साली ते इथल्याच एका डेअरी फार्मवर जन्मले. त्यांच्या नावाचा हमरस्ता विमानतळाजवळून जातो. अशा गावात ते 'काहीतरी' म्हणजे कोण, हे सहसा कोणी विचारत नाही. मी पेचात पडलो. आमेन म्हणावं तर मारुतीला काय वाटेल, न म्हणावं तर तेरा जणांना काय वाटेल. शेवटी मी घसा खाकरला. तो दोन्हीकडे चालून जावा अशी अपेक्षा होती.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, तुझा जन्म कुठला? वानलेस साहेबाच्या मिशन हॉस्पिटलातला. तू पायाळू. रात्रभर सिस्टरबाई माझा हात धरून त्यांच्या देवाचं म्हणत होती आणि मी आपल्या मारुतीचं. कोणाचं ऐकलं गेलं ते मी अजून विचारलेलं नाही. आलास ना तू? मग!"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. डॉक्टर वानलेस यांनी प्रेस्बिटेरियन मिशनचं ते हॉस्पिटल १८९४ साली सुरू केलं. म्हणजे माझं हॉस्पिटल नेम मुळातच मिशन हॉस्पिटलचं होतं. शार्लटच्या पार्किंगमध्ये मी उगाच परका होऊन उभा होतो.

शिवाय व्यायामाला देव लागतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आजोबा रोज तालमीत जायचे. आखाड्याच्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेलं असायचं आणि कोनाड्यात मारुती. साठीनंतर आजोबांचे जोरही सुटले, बैठकाही सुटल्या, पण तालीम सुटली नाही. आजी कुरकुरायची, "कुस्ती नाही, कसरत नाही, मग जातात कशाला?" आजोबा उत्तर न देता टोपी घालायचे. तिकडे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनीही दणकट शरीर आणि ख्रिस्ती श्रद्धा यांची सांगड घातली आणि तिला 'मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी' असं नाव पडलं. तरुण ख्रिस्ती पुरुषांसाठी लंडनमध्ये १८४४ साली निघालेल्या वायएमसीएने अमेरिकेत ते व्यायामाचं वेड अंगी बाणवलं. तिथल्याच मास्तरांनी १८९१ साली बास्केटबॉल काढला आणि १८९५ साली व्हॉलीबॉल. म्हणजे मिरजेत मारुतीपुढे नारळ फोडून आम्ही ज्याचे सामने भरवायचो तो व्हॉलीबॉल मूळचा ख्रिस्ती. मारुतीने तेव्हाही तक्रार केली नव्हती.

नवव्या दिवशी मी पुन्हा उगवलो. मग जातच राहिलो. वर्तुळात प्रार्थनेआधी क्यू विचारायचा, कोणाला काही सांगायचंय? कोणाचा गुडघा, कोणाच्या मुलीची परीक्षा, कोणाच्या सासूचं ऑपरेशन. माझा आमेनही हळूहळू खाकरण्यातून बाहेर आला.

ऑक्टोबराच्या शेवटी एका सोमवारी ओव्हरड्राफ्ट म्हणाला, "माझी नोकरी जाऊन तीन आठवडे झाले. घरी सांगितलेलं नाही. रोज टाय लावून निघतो आणि लायब्ररीच्या पार्किंगमध्ये बसून राहतो."

त्या तीन आठवड्यांत आम्ही दोनदा गवतावर बोललो होतो. दुसऱ्यांदा तर मी त्याला म्हणालो होतो, "तू सुखी आहेस बाबा, तुझ्याकडे तण नाही."

कोणी उपदेश केला नाही. प्लंबर म्हणाला, रेझ्युमे पाठव. डॉक म्हणाला, नोकरी लागेपर्यंत माझ्याबरोबर पाइप उचलायला ये, दिवस तरी जाईल. हँगओव्हरने चार वाक्यांची प्रार्थना केली. त्यात त्याने देवाकडे नोकरी मागितली नाही. आज संध्याकाळी घरी तोंड उघडायचं धैर्य मागितलं. त्यानंतर चौदा पुरुष टी-शर्टाच्या बाह्यांनी तोंडं पुसत राहिले. तसा त्या दिवशी व्यायाम फार झालेला नव्हता.

बायका एकमेकींना "बरी आहेस ना?" विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबतात. पुरुषाला हेच विचारायचं तर आधी काळोख लागतो, तीस पौंडांचा ठोकळा लागतो, वीस बर्पी लागतात; चांगला दम लागला की मगच आतलं बाहेर येतं. आजोबा साठीनंतर तालमीत कशाला जायचे ते मला शार्लटमध्ये कळलं. आजीला सांगायला उशीर झाला.

त्या रात्री ओव्हरड्राफ्टच्या स्वयंपाकघरातला दिवा दीड वाजेपर्यंत जळत होता. बुधवारी तो व्यायामाला आला नाही. शुक्रवारीही नाही. पुढच्या सोमवारी पहाटे धो धो पाऊस. गजर वाजला तशी बायको कुशीवर वळून म्हणाली, "पादगोधडी?" मी उठलो.

त्याच्या दारात गाडी उभी केली. फोन करायचा तर बोलायचं काय? बेल वाजवायची तर मुलं उठतील. मी हेडलाइट दोनदा मिचकावले आणि थांबलो. पाच मिनिटांनी पुन्हा मिचकावले. वरच्या खिडकीतला पडदा हलला. मग दार उघडलं आणि तो पायजम्यात, अनवाणी, पावसातून गाडीपाशी आला. मी काच खाली केली.

"मिराझ?" डोळे चोळत तो म्हणाला.

घरून निघताना मी दोन-तीन चांगली वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही आठवेना.

"गवत वाढलंय तुझं," मी म्हणालो.

त्याने मागे वळून गवताकडे पाहिलं.

"माहितेय," तो म्हणाला, आणि बूट घालायला आत गेला.